दूरस्थ पदवी कुठे चालते, कुठे अडते

नोकरी सोडणं परवडत नाही आणि पदवीवाचून बढती मिळत नाही. अशा कोंडीत सापडलेल्यांच्या घरी प्रवेशाचे दिवस आले की एकच खल चालतो: कॉलेजात जाऊन पूर्णवेळ शिकायचं की दूरस्थ पद्धतीने? शेजारचा एक सांगतो, मामेभाऊ दुसरंच सांगतो, आणि प्रवेश मिळवून देणाऱ्या दुकानातला माणूस तर ऐकणाऱ्याला हवं तेच सांगतो. या ऐकीव सल्ल्यांपायी वर्षं आणि साठवलेला पैसा दोन्ही गमावलेली मुलं आपल्याकडे कमी नाहीत.

सगळ्यांत जुना समज असा की दूरस्थ पदवीला किंमत नसते. कायद्याने हे चूक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार, मान्यताप्राप्त विद्यापीठाने रीतसर परवानगीने दिलेली दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही वर्गात बसून मिळवलेल्या पदवीच्या तोडीची मानली जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने हे पुन्हा जाहीरपणे सांगितलं. मुंबई विद्यापीठ १९७१ पासून दूरस्थ शिक्षण देतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ राज्याच्या कायद्याने १९८९ साली उभं राहिलं. तिथली वैध पदवी असलेल्यांना स्पर्धा परीक्षांचे दरवाजे इतर पदवीधरांइतकेच उघडे आहेत. आणि ज्या सीएचा आपल्याकडे एवढा मान आहे, तो कुठल्या कॉलेजात घडतो? सीएंच्या संस्थेकडून आलेली पुस्तकं, स्वतःचा अभ्यास, जोडीला आर्टिकलशिप (नव्या योजनेत ती दोन वर्षांची आहे) आणि कठोर परीक्षा. घरी बसून शिकल्याने ज्ञान पातळ होतं, हे सीएच्या बाबतीत कुणी म्हणत नाही.

पण इथूनच लोक दुसऱ्या टोकाला जातात: दूरस्थ पदवी समान आहे, म्हणजे कुठलीही पदवी दूरस्थ घेता येईल. हा समज पहिल्यापेक्षा घातक आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, दंतवैद्यकीय, नर्सिंग, औषधनिर्माणशास्त्र, फिजिओथेरपी, वास्तुकला, कायदा, कृषी, हॉटेल मॅनेजमेंट या पदव्या दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देण्यास आयोगाची मनाई आहे. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, पोषणशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांसारखे आरोग्याशी जोडलेले विषयही त्या यादीत गेले.

हे नियम कागदावरच राहतात असं कुणाला वाटत असेल, तर त्याने ३ नोव्हेंबर २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवावा. चार अभिमत विद्यापीठांनी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मंजुरीविना पत्राद्वारे अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने स्थगित केल्या आणि त्यांना परिषदेची परीक्षा देऊन त्या वाचवण्याची संधी दिली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या सरळ रद्द झाल्या. त्या पदवीवर नोकरी लागली होती, बढती मिळाली होती, कुणाचा संसार तिच्यावर उभा होता. विद्यार्थ्यांनी फी भरली, परीक्षा दिल्या, आणि चूक संस्थेची असूनही किंमत त्यांनी मोजली. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की विद्यापीठाची जाहिरात बघण्याआधी त्या व्यवसायाच्या नियामक परिषदेचा नियम बघा.

वकिलीचं उदाहरण घ्या. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार एलएलबीला वर्गात ७० टक्के हजेरी लागते. पत्राद्वारे घेतलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही. मात्र आधीचं बीए किंवा बीकॉम दूरस्थ असलं तर एलएलबीचा प्रवेश अडत नाही, अट एवढीच की त्याआधी दहावी-बारावीची पायरी रीतसर चढलेली असावी. बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्याला मात्र हे दार बंद आहे. बीएडची गोष्ट आणखी वेगळी. ते दूरस्थ करता येतं, पण डीएडसारखं प्रशिक्षण घेतलेल्यांनाच. नुकत्याच पदवीधर झालेल्या, असं काहीही न केलेल्या मुलीला ‘घरबसल्या बीएड’ म्हणून कुणी प्रवेश देत असेल, तर तिथून उठून यावं.

‘विद्यापीठ तर मान्यताप्राप्त आहे,’ हे वाक्यही अर्धंच खरं असतं. दूरस्थ शिक्षणाची परवानगी अभ्यासक्रमाला मिळते, तीही ठरावीक मुदतीची. त्याच विद्यापीठाचं एमकॉम वैध आणि दुसरा एखादा अभ्यासक्रम परवानगीविना, असं होऊ शकतं. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सत्र अशी यादी असते. आपलं सत्र त्यात आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. राज्य विद्यापीठांना दूरस्थ शिक्षणासाठी हद्द असते, ऑनलाइन पदवीला ती नसते. परराज्यातल्या राज्य विद्यापीठाचं ‘अधिकृत केंद्र’ तुमच्या तालुक्यात निघालं असेल, तर शंका घ्यायलाच हवी, कारण अशी केंद्रं दुसऱ्याला चालवायला देण्यास नियमांत मनाई आहे. २०२४ पासून दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यार्थ्याचा स्वतःचा डीईबी आयडीही लागतो. तो न विचारता कुणी पैसे घेत असेल, तर ते पुरेसं लक्षण आहे.

आता खर्चाचं. दूरस्थ म्हणजे स्वस्त, असं आपण धरूनच चालतो. नुसत्या फीपुरतं ते बहुतेकदा खरंही असतं. पण महाराष्ट्रात ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्याला आणि खासगी किंवा अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. म्हणजे अशा घरातली मुलगी सीईटी देऊन पूर्णवेळ एमबीएला लागली, तर दूरस्थपेक्षाही कमी फीत शिकू शकते. पैसे नाहीत म्हणून सीईटीचा अर्जच न भरणाऱ्या मुली आहेत, आणि हे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही याची मला फार खंत वाटते.

‘दूरस्थ सोपं असतं, वर्षाच्या शेवटी परीक्षा दिली की झालं,’ असं म्हणणाऱ्यांनी हिशेब करून बघावा. इग्नूच्या पद्धतीत एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरतात. चार क्रेडिटचा विषय म्हणजे १२० तास. सहामाहीत असे पाच विषय घेतले तर ६०० तास, म्हणजे आठवड्याला सुमारे २३. नोकरी करून, घरचं बघून रोज तीन तासांहून जास्त. शिवाय स्वाध्यायांचे गुण वेगळे, ते वेळेत दिले नाहीत तर निकाल अडतो. जो हे तास काढू शकणार नाही त्याने एकदम सगळे विषय घेऊ नयेत. वर्ष जास्त लागलं तरी चालेल.

मग एमबीए कोणी कसं करावं? माझं मत स्पष्ट आहे. बाविशीतल्या, कामाचा अनुभव नसलेल्या मुलाने शक्य असेल तर पूर्णवेळच करावं. त्याला पुस्तकाइतकीच इंटर्नशिपची, सोबत्यांची आणि कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्यांची गरज असते, आणि दूरस्थ पदवीत यातलं फारसं मिळत नाही. अर्थात कॉलेज सुमार असेल तर पूर्णवेळ असूनही हे मिळत नाही, म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांत तिथल्या किती मुलांना कुठे नोकऱ्या लागल्या हे आजी-माजी विद्यार्थ्यांनाच विचारावं. दहा वर्षं कारखान्यात सुपरवायझर असलेल्या माणसाने मात्र पगार सोडून दोन वर्षं वर्गात बसण्याचं कारण नाही. त्याला दूरस्थ एमबीए पुरेल, फक्त आपल्या कंपनीचे बढतीचे नियम ती पदवी मानतात का, हे त्याने आधी लेखी विचारून घ्यावं. सरकारी नोकरीत असेल तर प्रवेशापूर्वी कार्यालयाची परवानगीही घ्यावी.

आणि डिप्लोमा करून कामाला लागलेल्यांना इंजिनिअरिंगची पदवी हवी असेल, तर दूरस्थच्या नादी लागण्याची गरज उरलेली नाही. २०२३-२४ पासून तंत्रशिक्षण परिषद काही कॉलेजांना नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत वर्ग भरवायला मंजुरी देते. वर्गात जावं लागतं, प्रयोगशाळेत उभं राहावं लागतं, पण पगार चालू राहतो आणि मंजुरी असलेल्या कॉलेजातून मिळालेली ती पदवी नियमित पदवीच असते. आपल्या जिल्ह्यात असं कॉलेज आहे का, याची चौकशी तंत्रशिक्षण संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात करता येते.