एक क्रियापद, अनेक अर्थ

प्रत्येक शब्दाला एक ठरावीक अर्थ असतो, असा पुष्कळांचा समज असतो. इंग्रजीतील ‘रन’ हे छोटेसे क्रियापद हा समज दूर करते. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी या बृहद्‌कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत मोठी नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. पुढे कोशाच्या सुधारणेचे काम सुरू असताना ‘रन’ने त्याला मागे टाकले. क्रियापद म्हणून ‘रन’चे ६४५ अर्थ नोंदले गेल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

‘रन’चा परिचित अर्थ ‘धावणे’ हा आहे. परंतु नदी वाहते, नाक गळते, कपड्याचा रंग जातो, यंत्र चालते, बस दोन गावांदरम्यान ये-जा करते, एखादी स्त्री दुकान चालवते किंवा निवडणूक लढवते, या सर्व ठिकाणी इंग्रजीत ‘रन’ योजता येते. या अर्थांच्या मुळाशी गतीची कल्पना आहे. जुन्या इंग्रजीतही या शब्दाच्या पूर्वरूपांना धावणे आणि वाहणे असे दोन्ही अर्थ होते. पुढे यंत्रे व आगगाड्या आल्या, व्यवहार वाढले, तसतसे हे क्रियापद नव्या क्षेत्रांत शिरले.

त्याच्यासोबत दुसरा लहानसा शब्द आला की अर्थ आणखी पालटतो. ‘रन ओव्हर’ म्हणजे वाहनाखाली चिरडणे आणि ‘रन आउट ऑफ’ म्हणजे जवळचा साठा संपणे. ‘डू नॉट रन आउट ऑफ युवर मेडिसिन’ या सूचनेत धावण्याचा काहीही संबंध नाही; ‘औषध संपू देऊ नका’ असे ती सांगते. कोशातील पहिलाच अर्थ धरून बसणाऱ्या वाचकाच्या हातून नेमकी महत्त्वाची गोष्ट निसटते.

हे वैशिष्ट्य केवळ इंग्रजीचे नाही. मराठीतील ‘लागणे’ हे क्रियापद पाहावे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, झोप लागते; परीक्षेचा निकाल लागतो, झाडाला आंबे लागतात, कामाला वेळ लागतो. एखादा मनुष्य नात्याने मामा लागतो, तर कुणाला नाइलाजाने गाव सोडावे लागते. मराठी भाषकाला यात काहीच अवघड वाटत नाही, कारण हे प्रयोग तो लहानपणापासून पूर्ण वाक्यांतून ऐकत आलेला असतो. मराठी नव्याने शिकणाऱ्याची मात्र ‘लागणे’पाशी तीच अडचण होते, जी मराठी भाषकाची ‘रन’पाशी होते.

म्हणून परकी भाषा शिकताना सुट्या शब्दांच्या याद्या पाठ करणे पुरेसे नसते. कर्ता कोण, कर्म कोणते, क्रियापदाला जोडून कोणता शब्द आला आहे आणि प्रसंग कोणता, हे पाहिल्यावरच अर्थ उलगडतो. शब्दकोश अनेक अर्थ समोर ठेवतो. त्यांतून योग्य अर्थाची निवड वाक्य करते.