विमानातली घाई आणि पट्ट्याचा दिवा

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या अंथुर्ण्याहून लोहगावचा विमानतळ गाठायला गाडीनं अडीच-तीन तास जातात. काशीयात्रेला निघालेली, मुलाकडे बेंगळुरूला किंवा दुबईला निघालेली साठीपुढची माणसं पहाटेच घर सोडतात. वाटेत पाटसच्या आसपास चहा होतो, मग विमानतळावर बॅगांची रांग, तपासणीची रांग. या धांदलीत बाथरूमला जायचं राहून जातं. ‘विमानात सोय आहेच की’ म्हणून माणूस आत जाऊन बसतो, आणि विमान धावपट्टीकडे सरकू लागलं की नेमकी घाई लागते. उठावं तर केबिन क्रू हातानं खूण करून खाली बसवते. मग शेजारचा जाणकार कारण सांगतो. ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण रेल्वेतून आलंय. गाडी स्थानकात उभी असताना शौचालय वापरू नये, ही पाटी वाचत दौंड-पुणे प्रवास करणाऱ्यांच्या पिढ्या मोठ्या झाल्या. तोच हिशेब विमानाला लावला जातो: जमिनीवर संडास बंद, कारण घाण धावपट्टीवर पडेल, वर गेल्यावर चालू, कारण तिथं ती हवेत सोडून देतात. आता रेल्वेच्या डब्यांतसुद्धा जैव-शौचालयं आलीत, पण समजूत काही गेलेली नाही.

विमानातला मैला कुठंच पडत नाही. तो विमानाच्या पोटातल्या बंद टाकीत जमा होतो. ती टाकी उडत असताना रिकामी करण्याचं बटण वैमानिकाकडे नसतंच; झडप विमानाच्या बाहेरच्या अंगाला असते आणि विमान उतरल्यावर खास ट्रक येऊन नळी जोडून टाकी ओढून घेतो. या झडपेतून क्वचित गळती झाली, तर बाहेरच्या थंडीत त्याचा निळसर बर्फ होतो (निळसर, कारण काही विमानांच्या शौचालयांत जंतुनाशकाचं निळं पाणी असतं) आणि विमान खाली येताना तो सुटून पडू शकतो. दिल्ली विमानतळाजवळ राहणाऱ्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानं घरावर घाण पडते अशी तक्रार राष्ट्रीय हरित लवादाकडे नेली होती. डिसेंबर 2016 मध्ये लवादानं डीजीसीएला, म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेला, विमान कंपन्यांना ताकीद द्यायला सांगितलं आणि उल्लंघनासाठी 50 हजार रुपयांची भरपाई ठरवली. बातम्या आल्या तेव्हा ‘बघा, मी म्हणत नव्हतो’ असं म्हणणारे पुष्कळ निघाले. पण गळती होणं वेगळं आणि मुद्दाम सोडणं वेगळं.

दुसरं कारण थोडं शास्त्रीय वाटतं, म्हणून जास्त फसवं आहे. विमानाचं शौचालय हवेच्या ओढीवर चालतं, ओढ उंचावरच मिळते, म्हणून खाली ते बंद ठेवतात, असं सांगतात. यातलं अर्धं खरं आहे. साधारण 16 हजार फुटांच्या वर केबिनमधल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबात इतका फरक असतो की झडप उघडताच सगळं आपोआप टाकीकडे खेचलं जातं. दचकवणारा तो ‘फस्स’ आवाज त्याचाच. त्या उंचीच्या खाली आणि जमिनीवर हीच ओढ विजेवर चालणारा पंप तयार करतो. म्हणजे उभ्या विमानातही शौचालय व्यवस्थित चालतं. लोक चढत असतात, दार बंद व्हायचं असतं, तेव्हा क्रूला विचारलं तर त्या बहुधा जाऊ देतात. ही दहा-पंधरा मिनिटं आपल्याकडे फार थोडे लोक वापरतात.

मग अडतं कुठं? शौचालयात पट्टा नसतो, एवढंच. विमान जमिनीवरून सरकत असताना, उडताना, उतरताना आणि हवेत हादरे बसण्याचा संभव असताना प्रत्येकाचं अंग कशाला तरी बांधलेलं हवं. नव्या विमानांच्या खुर्च्या गुरुत्वाकर्षणाच्या 16 पट धक्का सोसतील अशा तपासून घेतलेल्या असतात. कमोडची अशी कसलीही परीक्षा झालेली नसते, आणि त्या एवढ्याशा खोलीत चहूबाजूंनी कडा, नळ आणि आरसा.

‘त्यात काय, एसटीतही उभे राहतोच की’ म्हणणाऱ्यांसाठी 1 मे 2022 ची हकिगत. त्या दिवशी मुंबईहून दुर्गापूरला निघालेलं स्पाइसजेटचं विमान उतरायला लागलं असताना जोरदार हादऱ्यांत सापडलं. डीजीसीएनं दिलेल्या आकड्यांनुसार विमानावरचा भार अधिक 2.64 जी आणि उणे 1.36 जी यांच्या दरम्यान हेलकावला (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट, त्याचं माप). अधिक 2.64 म्हणजे 70 किलोचा माणूस क्षणभर 185 किलोच्या वजनानं दाबला जातो. उणे 1.36 म्हणजे पट्टा नसेल तर तोच माणूस छतावर आदळतो, आणि तेही स्वतःच्या वजनापेक्षा जास्त जोरानं. 14 प्रवासी आणि 3 कर्मचारी जखमी झाले. त्यातल्या एका प्रवाशाचा पुढे काही महिन्यांनी मृत्यू झाला.

मे महिना होता हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्याकडे वळवाचे ढग चढतात त्या दिवसांत दुपारनंतरच्या विमानात ‘पट्टा बांधा’ सांगणारा दिवा वारंवार लागतो, त्यामागं कारण असतं. ढगातलं पाणी वैमानिकाला रडारवर दिसतं, पण कोरड्या, स्वच्छ हवेतले हादरे रडार दाखवत नाही. म्हणून ‘बाहेर तर लख्ख ऊन आहे, दिवा उगाच लावलाय’ हा तर्कही चालत नाही. 21 मे 2024 रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारं विमान म्यानमारवर असताना पट्ट्याचा दिवा लागला आणि काही सेकंदांतच माणसं छतावर आपटली. तपासणाऱ्यांच्या प्राथमिक अहवालानुसार भार उलटा व्हायला 0.6 सेकंद लागले. एकाचा जीव गेला. दिवा लागल्यावर ‘हातासरशी जाऊन येतो’ म्हणायला तेवढा वेळ तरी कुठं असतो?

आणखी एक समज असा की विमान जमिनीवर हळूहळू सरकत असताना उठलं तर आपलं आपण बघून घेऊ, दुसऱ्याचं काय जातं? जातं. केबिनमध्ये सगळे बसलेत असा निरोप क्रूकडून मिळाल्याशिवाय वैमानिक उड्डाण करत नाही. एक जण आत असेल तर विमान वाटेतच थांबवावं लागतं आणि रांगेतली पाळी जाऊ शकते. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि 11 नोव्हेंबर 2023 ला त्यावर एका दिवसात 1,032 विमानांची ये-जा झाली होती. लोहगावला धावपट्टी हवाई दलाची आहे, तिथं पाळी चुकली तर लढाऊ विमानांचा सरावही आडवा येऊ शकतो. उतरताना कोणी उभा असेल तर विमान पुन्हा वर न्यायची वेळ येते.

याच्या दुसऱ्या टोकाला घाबरणारे आहेत. दिवा लागलेला असताना उठलं की पोलीस येतात, विमानबंदीच्या यादीत नाव जातं, असं त्यांना वाटतं. डीजीसीएचे बेशिस्त प्रवाशांबद्दलचे नियम 2017 मध्ये कडक झाले. त्यात तीन पायऱ्या आहेत: शिवीगाळ, दारू पिऊन दंगा वगैरेसाठी 3 महिन्यांपर्यंत बंदी, मारहाणीसाठी 6 महिन्यांपर्यंत, आणि जिवाला धोका होईल अशा कृत्यासाठी किमान 2 वर्षं. तक्रार निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जाते. ‘ताई, फारच घाई आहे हो’ असं क्रूला सांगणं यात कुठंच बसत नाही. वैमानिकाची सूचना धुडकावून भांडायला उठणं मात्र बसू शकतं. क्रू सहसा वैमानिकाला विचारतात. विमान उंचावर स्थिर असेल तर पाच मिनिटं थांबवून सोडतातही; उडताना-उतरताना मात्र उत्तर नाहीच असतं, आणि त्यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही, कारण त्या वेळी त्या स्वतःही पट्टा बांधून बसलेल्या असतात.

नातवंडांना बघायला अमेरिकेला जाणाऱ्या आजी-आजोबांमध्ये एक सल्ला अजून फिरतो: तिकडं शेवटचा तासभर जागेवरून हलू देत नाहीत. ही अफवा नव्हे, शिळा नियम आहे. 25 डिसेंबर 2009 ला ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एकानं अंतर्वस्त्रात लपवलेला बॉम्ब उडवण्याचा प्रयत्न केला. त्याआधी तो बराच वेळ शौचालयात होता. त्यानंतर अमेरिकेकडे येणाऱ्या विमानांत शेवटच्या तासाला उठायला मनाई झाली, पण काही दिवसांतच ती सैल करून निर्णय वैमानिकावर सोडला गेला. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर 2001 च्या हल्ल्यांनंतर अर्ध्या तासाची अशीच बंदी होती. ती 2005 मध्ये उठली. आज तिथंही आपल्यासारखाच दिवा पाळायचा.

पुढचं शौचालय मधूनच अडवून ठेवतात, क्रू वाटेत ट्रॉली लावून उभी राहते, तेव्हा ‘हे बिझनेसवाल्यांचं’ असं काही जण समजतात. त्या वेळी बहुधा वैमानिकालाच जायचं असतं, आणि कॉकपिटचं दार उघडं असताना तिकडं कोणी फिरकू नये म्हणून तो बंदोबस्त असतो. बारामतीच्या विमानतळावरून शिकाऊ वैमानिकांची जी छोटी विमानं आपल्या उसावरून घिरट्या घालतात, त्यांत तर शौचालयच नसतं. ती पोरं आधी जाऊन येतात.

प्रवासात सगळ्यात घातक समजूत मला पाण्याबद्दलची वाटते. मधुमेह असलेली, लघवी वाढवणारी गोळी चालू असलेली, प्रोस्टेटचा त्रास असलेली माणसं आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. केबिनची हवा आधीच फार कोरडी असते. त्यात पाणी नाही, म्हणजे पुण्याहून दिल्लीला पोचेतो डोकं दुखायला लागतं, चक्कर येते. त्यापेक्षा तिकीट काढताना कडेची जागा मागावी, विमानतळावर बोलावणं यायच्या आधी बाथरूमला जाऊन यावं, आणि आत शिरतानाच क्रूला अडचण सांगून ठेवावी. गोळीची वेळ बदलायची का, हे डॉक्टरांना विचारावं. विमान खाली यायला साधारण अर्धा तास आधी सुरुवात करतं, तशी घोषणाही होते. घोषणा झाली पण दिवा लागलेला नाही, अशी काही मिनिटं मिळतात. नेहमीच्या 180 जणांच्या विमानात शौचालयं तीन, पुढे एक आणि मागे दोन. तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाला गावात जशी रांग लागते तशीच मग मागच्या बाजूला लागते. ती लागायच्या आत उठावं.

शेवटची भीती आत अडकण्याची. दार बाहेरून उघडता येतं. पाटीखाली किंवा कडीजवळ त्याची सोय असते आणि क्रूला ती शिकवलेली असते. तरीही 16 जानेवारी 2024 ला मुंबई-बेंगळुरू विमानात एक प्रवासी उड्डाणानंतर शौचालयात गेला आणि दाराच्या बिघाडामुळे बाहेर येऊच शकला नाही. क्रूनं दाराखालून चिठ्ठी सरकवली: घाबरू नका, कमोडचं झाकण लावून त्यावर बसा, स्वतःला सावरून धरा. तो तसाच बसून बेंगळुरूला उतरला, आणि तंत्रज्ञांनी दार उघडून त्याला बाहेर काढलं.

आत असताना पट्ट्याचा दिवा लागला तर त्या चिठ्ठीतलाच सल्ला लागू पडतो. हादरे जोराचे असतील तर धावत सुटू नये. झाकण लावून बसावं, भिंतीवरचा दांडा दोन्ही हातांनी धरावा. हादरे थोडे असतील तर कपडे सावरून बाहेर यावं, आणि आपली जागा लांब असेल तर जवळच्या कुठल्याही रिकाम्या खुर्चीवर बसून पट्टा लावावा. ती खुर्ची कोणाची आहे हे नंतर बघता येतं.