थेंबांनी मोतीबिंदू विरघळतो काय?



आम्हाला हा प्रश्न वरचेवर विचारला जातो. डोळ्यातल्या भिंगाची प्रथिने गोठली की भिंग गढूळ होते. नासलेले दूध पुन्हा दूध होत नाही, तसेच हे. २०१५ साली लॅनोस्टेरॉलने कुत्र्यांच्या भिंगाचा गढूळपणा कमी झाल्याचे प्रसिद्ध झाले. माणसाच्या काढलेल्या मोतीबिंदूवर मात्र गुण दिसला नाही. म्हणून शस्त्रक्रियेने भिंग बदलणे हाच उपाय. थेंबांच्या नादाने मोतीबिंदू जास्त पिकला, तर डोळ्याचा दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते.

कोरड्या डोळ्यांना मात्र कृत्रिम अश्रूंचे थेंब चालतात. दुखणे फारच असेल तर रुग्णाच्याच रक्तातल्या सीरमचे थेंब देतात. त्याने बुबुळावरची जखम भरायला मदत होते.

घरच्या वडीलधाऱ्यांचे डोळे वेळेवर तपासून घ्या, ही आमची विनंती.