नाव गेल्यावर

त्रापजहून अलंगच्या किनाऱ्याकडे वळलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना वखारी सुरू होतात. पत्र्याच्या छपराखाली गाद्यांच्या थप्प्या, अंगणात नारिंगी जीवरक्षक होड्या, त्यांच्या पलीकडे भिंतीला टेकवलेले दरवाजेच दरवाजे. इथले लोक या वखारींना खाडा म्हणतात. मी आलो होतो मेहुण्याच्या खानावळीसाठी स्टीलचं टेबल बघायला. जहाजावरच्या स्वयंपाकघरातलं स्टील जाड असतं, खाऱ्या हवेला दाद देत नाही आणि किलोवर मिळतं, असं त्याच्या कानावर आलं होतं. माझ्या मनात मात्र एक जहाज होतं, खूप आधी याच किनाऱ्यावर संपलेलं.

त्याचं पहिलं नाव 'फ्रान्स'. ११ मे १९६० रोजी सँ-नाझेरच्या गोदीत, राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या पत्नीच्या हस्ते, ते पाण्यात उतरलं. लांबी ३१६ मीटर. पुढची चार दशकं जगात त्याच्याहून लांब प्रवासी जहाज झालं नाही. १९६२ पासून ते ल हाव्र ते न्यूयॉर्क असं जाऊ-येऊ लागलं. पण जेट विमानांनी त्याचे प्रवासी आधीच पळवायला सुरुवात केली होती. त्यात तेल महागलं, सरकारनं अनुदान थांबवलं आणि १९७४ मध्ये जहाज निवृत्त झालं. खलाशांना हे इतकं लागलं की त्यांनी ल हाव्रच्या तोंडाशी जहाज ताब्यात घेऊन नांगर टाकला. पुढे १९७९ मध्ये एका नॉर्वेजियन मालकानं ते घेतलं, निळं रंगवलं आणि 'नॉर्वे' या नावानं कॅरिबियन समुद्रात सहलींना लावलं. २५ मे २००३ रोजी मायामीच्या धक्क्यावर त्याचा बॉयलर फुटला. आठ कर्मचारी दगावले. त्यानंतर त्यानं प्रवासी घेतले नाहीत. शेवटच्या प्रवासात नाव पुन्हा बदललं, 'ब्लू लेडी' झालं, आणि १५ ऑगस्ट २००६ रोजी ते अलंगच्या वाळूत रुतलं.

अलंगच का, याचं उत्तर समुद्र देतो. खंभातच्या आखातात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरांच्या घरात जातो, मुंबईच्या मोठ्या उधाणाच्या जवळजवळ दुप्पट. भरतीच्या पाण्यावर जहाज जोरात किनाऱ्यावर घालायचं. ओहोटी लागली की ते कोरड्यावर उभं. गोदी नको, धक्का नको. १९८३ पासून इथं हेच चाललं आहे.

जहाजं तोडण्याच्या प्लॉटच्या आत परवानगीशिवाय जाता येत नाही. रस्त्यावरून कुंपणावर डोकावणारी जहाजांची टोकं तेवढी दिसतात. आतलं काम मला खाड्यातल्या एका कामगारानं सांगितलं. ओडिशाहून आलेला हा माणूस आधी काही वर्षं प्लॉटवर गॅस कटिंग करत होता. आधी टाक्यांतलं तेल आणि वायू काढतात. मग सुटा माल उतरतो: खुर्च्या, भांडी, गाद्या, दोर. मग केबिनी सोलतात. शेवटी ज्योत लागते, आणि ती नाळेकडून. पुढचा भाग कापून पाडला की मागचा हलका होतो. पुढच्या भरतीला विंचनं तो आणखी वर ओढतात. पोलादाचे पत्रे शिहोर-भावनगरकडच्या रोलिंग मिलमध्ये जातात. तिथं ते वितळवत नाहीत. पट्ट्या कापून लाल करतात आणि रुळांमधून काढून त्यांच्या सळया करतात. "ज्योतीपेक्षा भीती सोलताना," तो म्हणाला. "भिंतीच्या आत काय भरलंय ते दिसत नाही."

'ब्लू लेडी'च्या भिंतींमागे हजार टनांहून जास्त ॲस्बेस्टॉस असल्याचा अंदाज होता. म्हणूनच ती वर्षभर वाळूत उभी राहिली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. सप्टेंबर २००७ मध्ये तोडायला परवानगी मिळाली. ॲस्बेस्टॉसचा तंतू फुप्फुसात शिरला तर आजार वर येईपर्यंत वीस-तीस वर्षं जातात. तोवर कामगार गावी परतलेला असतो आणि ते जहाज कुठल्या तरी इमारतीच्या कॉलममध्ये उभं असतं. हिशेब जुळवायला दोघंही जागेवर सापडत नाहीत.

बोलता बोलता त्याचे हात चालूच होते. समोर केबिनच्या दरवाजांची रास. स्क्रू ढिले करायचे, बिजागरी एका डब्यात, कुलूप दुसऱ्यात, आणि दारावरचा पितळी आकडा पितळेच्या ढिगात. ४१२, ४१४, ४१६. कुणाची तरी महिनोन् महिन्यांची खोली एका टणत्कारात मोडीत जमा होत होती. मी एक आकडा मागितला. "नंबर का क्या करेंगे, साहब?" असं म्हणत त्यानं तो तराजूत टाकला आणि वजन करून मला दिला.

मी खाड्याच्या शेठना 'ब्लू लेडी'बद्दल विचारलं. माल एकदा उतरला की आठवड्यात दुसऱ्या जहाजांच्या मालात मिसळतो, ते म्हणाले. मग कुठला तुकडा कुणाचा, कोण सांगणार?

एका तुकड्याचं मात्र तसं झालं नाही. या जहाजाच्या नाळेचं अगदी पुढचं टोक वेगळं कापून ठेवलं गेलं. २००९ मध्ये पॅरिसला त्याचा लिलाव झाला आणि २०१८ मध्ये ते ल हाव्रला, त्याच्या जुन्या घरच्या बंदरात, परत आलं. तिथं ते 'फ्रान्स' म्हणूनच ओळखलं जातं. मराठीत नाव म्हणजे होडीही आणि ओळखही. त्या टोकानं दोन्ही राखली. बाकीचं जहाज आपल्याच देशात, निनावी, कुणाच्या तरी डोक्यावरचा स्लॅब पेलत असेल. मला त्याचंही मोल तेवढंच वाटतं. आणि ते ज्यांनी कापलं, सोललं, वाहिलं, त्यांची नावं कुठल्या लिलावाच्या यादीत नसली तरी कुठंतरी लिहिलेली असायला हवीत. निदान प्रत्येक प्लॉटच्या वहीत, छातीच्या तपासणीच्या तारखांसह, आणि ती वही कामगार गावी गेल्यावरही त्याच्या कामी यावी.

टेबल मिळालं. त्याच्या चारही बाजूंना दोन बोटं उंच कड आहे. जहाज कललं तरी पातेलं घसरू नये म्हणून. घरी आल्यावर मेहुणा म्हणाला, पुसताना अडचण होते, वेल्डरकडून कापून घेऊ.

मी खिशातला पितळी आकडा काढून त्या कडेवर ठेवला आणि टेबल कुठून आलं, कुणी उतरवलं, ते सगळं त्याला सांगितलं. तो बराच वेळ कडेवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "राहू दे."