दहा वाचनांची सरासरी

क्रोमेल-ॲल्युमेल थर्मोकपलचे विभवांतर अंशागणिक बदलते जेमतेम 40 मायक्रोव्होल्ट. शेजारची वीजवाहिनी त्यावर मिलिव्होल्टभर गोंगाट सहज चढवते. सातारा असो वा सांगली, हा गोंगाट सेकंदाला 50 आवर्तनांचा; एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे. म्हणून आम्ही 2 मिलिसेकंदांच्या अंतराने 10 वाचने घेऊन सरासरी काढतो. धन व ऋण अर्धी परस्परांना खोडतात, मूळ संकेत उरतो. 12 वाचने अधिक बरी वाटतील. पण जादा दोघांना जोडीदारच नाही, आणि गोंगाटाचा 16 टक्क्यांपर्यंत अंश मागे राहतो! याउलट, वारंवारता 49.9 झाली तरी 10 वाचनांत 0.2 टक्केच उरतो. वाचने नेमकी 20 मिलिसेकंदांच्या अंतराने घेतली तर? लाट दरवेळी त्याच जागी सापडते. हजार वाचनांनीही काही साधत नाही. (विद्यार्थ्यांना हे आलेखावर जरूर काढायला लावावे.)

तापमान सावकाश बदलते, म्हणून हे खपते. सातारा-सांगलीच्या कोयना-वारणा पट्ट्यात 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर आजवर लहान धक्के नोंदले जात आहेत. जवळच्या धक्क्यात सेकंदाला 25 कंपनेही असतात, आणि अशा लाटेची उंची आपली सरासरी 64 टक्क्यांवर आणते. तेथे भूकंपमापकच वीजवाहिनीपासून दूर बसवावा, तारांना पीळ द्यावा; सरासरीचा विचार त्यानंतर.