बायबलमधलं सोर शहर खरंच कायमचं संपलं का?

‘बायबलने सांगितलं आणि सोर कायमचं नष्ट झालं,’ असा दावा अनेकदा केला जातो. त्यात तथ्य किती?

सोर म्हणजे आजच्या लेबनॉनमधलं टायर. फिनिशियन व्यापाऱ्यांचं हे श्रीमंत बंदर किनाऱ्याजवळच्या बेटावर होतं. यहेज्केलच्या २६व्या अध्यायातलं भाकीत असं: बाबेलचा राजा नबुखद्रेस्सर चाल करून येईल, शहराचे दगड पाण्यात टाकले जातील आणि ते पुन्हा उभं राहणार नाही.

नबुखद्रेस्सरने वेढा घातला. इतिहासकार जोसिफसच्या मते तो १३ वर्षं चालला. पण या मेहनतीचं फळ राजाला मिळालं नाही, हे त्याच पुस्तकाचा २९वा अध्याय सांगतो.

पुढे इ.स.पू. ३३२ मध्ये सिकंदराने किनाऱ्यावरच्या जुन्या वस्तीचे दगड समुद्रात टाकून बेटापर्यंत भराव घातला आणि सात महिन्यांत शहर जिंकलं. दगडांचं भाकीत अनेक जण या घटनेशी जोडतात.

मात्र शहर पुन्हा वसलं. पौल तिथे सात दिवस राहिला, असं खुद्द बायबलच्या नव्या करारात आहे. आजही तिथे लोक राहतात आणि १९८४ पासून टायर जागतिक वारसा स्थळ आहे.

थोडक्यात, सोरची जुनी सत्ता संपली, शहर नाही.