हिवतापाची गोळी आणि कामगाराचे रक्त

आमच्या एका गोदी कामगाराने हिवतापावर प्रायमाक्विन घेतले. तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी, डोळे पिवळे, अंगात त्राण नाही. मुकादम म्हणाला, दारू प्याला असेल. तो तर थेंबालाही शिवत नसे.

दोष होता जनुकात. रक्तातील तांबड्या पेशीला प्राणवायूच्या जाळण्यापासून वाचविणारे जी-सिक्स-पीडी नावाचे एन्झाइम असते. ते कसे घडवावे याची आज्ञा एक्स गुणसूत्रावर असते. तीत एक अक्षर बदलले तरी एन्झाइम कच्चे निघू शकते. एरवी माणूस ठणठणीत; पण प्रायमाक्विन पोटात गेले, किंवा बाकला नावाच्या शेंगा खाल्ल्या, की पेशी फुटू लागतात. पुरुषाजवळ एक्स एकच, तोही आईकडून आलेला. म्हणून हा विकार पुरुषांत अधिक. १९५६ साली शिकागोच्या संशोधकांनी हे कोडे उकलले. (आम्ही डॉक्टरी शिकलेलो नाही, वाचून समजले ते सांगतो.)

गोळी वाईट नव्हे; यकृतात दडलेले हिवतापाचे जंतू ती मारते. आमचे मागणे एवढेच, की गोळीआधी रक्त तपासावे. त्या कामगाराचे तपासले गेले, ते पंधरा दिवसांचा पगार कापल्यानंतर.